आपोआप आलेलं कांदळवन

दोन्या ओबदुलिया आयोवीला आमच्या बेटावर कुणी कधी रडताना पाहिलं नाही. खोटं बोलताना मात्र सगळ्यांनी पाहिलं. एकच खोटं, अकरा वर्षं.

सेन्योर प्लासेन्सियाच्या पडीक कोळंबी-तळ्याच्या बांधावर राखणदार क्लेबेर उभा असायचा. दोन कुत्री, एक बंदूक आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं पोट.

"ए म्हातारे, ह्या तळ्यात एवढी झाडं कुठून आली?"

"समुद्राला विचार. मी काय त्याची बायको आहे?"

"मागच्या वर्षी इतकी नव्हती."

"मागच्या वर्षी तुझं पोटही इतकं नव्हतं. ते कुणी लावलं?"

क्लेबेर हसायचा, कुत्री बसायची आणि आम्ही होड्या पुढे काढायचो. आम्ही म्हणजे चिखलातून काळे शिंपले काढणाऱ्या बाया. मीही त्यांतलीच. ओबदुलियानं बाप्तिस्म्याला मला हातात धरलं होतं, म्हणून ती माझी माद्रीना, धर्माची आई, आणि माझी आई नेरेइदा तिची कोमाद्रे. आमच्याकडे सख्ख्या बहिणी भांडतात, कोमाद्रे भांडत नाहीत. मानाच्या बाईला दोन्या म्हणतात, परक्या बाईला सेन्योरा; कोमाद्रेला फक्त कोमाद्रे.

ओबदुलिया आठव्या वर्षी चिखलात उतरली. तिथेच कामाला लागली, तिथेच प्रेमात पडली. चौथ्या बाळाच्या कळा तिला तिथेच सुरू झाल्या आणि त्याही दिवशी घरी येताना टोपली भरलेली होती. नवरा ग्वायाकिल शहरात कामाला म्हणून गेला तो गेलाच. "बोट उलटली असेल," असं कुणी म्हणालं, तर ही म्हणायची, "बोट नाही हो, तोच उलटला." उजव्या हाताच्या मधल्या बोटाला काही कळायचं नाही. भोकात दडलेल्या विषारी माशानं एकदा तिला डंख मारला होता. पण उरलेल्या चार बोटांनी ती खांद्यापर्यंत चिखलात हात घालून, न बघता सांगायची, "हा लहान आहे, राहू दे त्याला."

ती तरुण असताना प्लासेन्सियाच्या बापानं खाडीच्या त्या बाजूचं कांदळवन तोडून तळं खणलं. त्या कांदळवनात तिच्या आजीनं शिंपले काढले होते. पंधरा वर्षं कोळंबी पिकली, मग रोग आला, एका आठवड्यात सगळं तळं मेलेल्या कोळंबीनं पांढरं झालं आणि लोक पंप उचलून निघून गेले. ताब्याचा कागद तेवढा त्यांच्या कपाटात राहिला. मागे राहिला तो एक उघडा, भेगाळलेला, आंबट वासाचा चट्टा. एका उधाणानं बांध फोडला आणि भरतीचं पाणी आत येऊ लागलं. पाण्याबरोबर शिंपल्यांची पिल्लं आली, त्यांच्या मागोमाग आम्ही.

शिंपले काढण्याकडे क्लेबेर कानाडोळा करायचा. संध्याकाळी दोन डझन त्याच्या बादलीत पडले की झालं. पण झाड लावणं वेगळं. झाड लावणं म्हणजे जागेवर हक्क सांगणं, आणि कुत्री होती ती त्यासाठीच.

म्हणून ओबदुलियानं लावायची एक रीत काढली. कांदळाची शेंग हातभर लांब असते, खाली टोकदार. झाडावरून पडते तीच मुळं फुटायच्या तयारीनं. अशा शेंगा ती टोपलीच्या तळाशी, शिंपल्यांखाली लपवून न्यायची. चिखलात हात घालायचा, शिंपला काढायचा आणि हातानं पडलेल्या त्याच भोकात शेंग सोडायची. टोपलीशेजारी नारळाच्या सोडणाचा धूर, चिलटं दूर, ओठांवर गाणं. बांधावरून बघणाऱ्याला वाटावं, बाई शिंपले काढतेय. ओळ नाही, अंतर नाही, काही नाही. जिथे हात गेला तिथे झाड.

"ओळीत लावाल तर उद्या उपटतील," ती आम्हाला बजावायची. "झाडानं चुकून आल्यासारखं दिसलं पाहिजे. आपल्या बेटावरची निम्मी पोरं आलीयत तशीच."

अकरा बाया होत्या. मी बारा वर्षांची असताना माझी पहिली शेंग खोचली. आणखी एक नियम होता, त्याला अपवाद नव्हता. बांधावरच्यांनी पकडलं तर म्हणायचं, मी एकटीच आहे. दुसरीचं नाव घ्यायचं नाही.

अकरा वर्षांनी त्या चट्ट्यात ओहोटीलाही सावली असायची. मुळांच्या कमानी माझ्या कमरेपर्यंत आल्या. शिंपले तर असे, की आई म्हणायची, "कोमाद्रे, हे स्वतःहून टोपलीत चढतील हो आता."

"चढू द्या. पण लहान असेल त्याला उतरवा."

बेटावरच्या अकरा चुली त्या सावलीवर पेटत होत्या. आणि मग सरकारचा निधी आला.

तो आला इंजिनियर हिमेनाच्या रूपानं. राजधानीतून आली होती, सत्तावीस-अठ्ठावीसची, चांगल्या मनाची, पायात नवे कोरे बूट. तिला तळ्यातलं रान बघायचं होतं, आणि आतली वाट माहीत असलेली एकच बाई. होडीत मागे क्लेबेरही बसला, मालकाचा माणूस म्हणून. मी वल्ही मारत होते.

उतरल्यावर दहाव्या पावलाला इंजिनियरबाई मांडीपर्यंत आत गेल्या.

"दोन्या ओबदुलिया! मी रुतले!"

"चिखलाशी भांडू नका. गुडघा टेका. देवळात टेकता तसा."

"मी देवळात जात नाही."

"म्हणूनच रुतलात."

बूट चिखलातच राहिले. हिमेना अनवाणी, हसत हसत मुळांवरून चालायला शिकली. मग एक पोकळ नळी खुपसून तिनं गाळ वर काढला, काळा, लोण्यासारखा.

"दोन्या, जग तापतंय ते ज्या धुरानं, तो धूर ही झाडं हवेतून ओढून घेतात आणि ह्या गाळात गाडून ठेवतात. शेकडो वर्षं. सरकार आता त्याचे पैसे देणार आहे."

"चिखलाला?"

"चिखल राखणाऱ्याला."

"मग माझ्या नखांत आहे तेवढ्याचेही द्या म्हणावं."

हिमेना हसली आणि वही उघडून सहज म्हणाली, "ही झाडं कुणी लावली?"

क्लेबेर होडीत बसून दात कोरत होता. ओबदुलियाला विचारही करावा लागला नाही. कुणी नाव विचारलं तर सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "आपोआप आली."

"एवढ्या थोड्या वर्षांत?"

"समुद्राला घाई होती."

हिमेनानं चारी बाजूंना पाहिलं. "खरंय. ओळी नाहीत कुठे. नैसर्गिकच आहे." आणि लिहिलं.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर माद्रीनानं हा प्रसंग तीनदा करून दाखवला. इंजिनियरबाईंचं रुतणं, मान वळवून बघणं, वही. "राजधानीत शिकलेल्या बाईलासुद्धा कळलं नाही!" आई हसून हसून भिंतीला टेकली. कुटलेली हिरवी केळी आणि नारळाच्या दुधातले शिंपले खाल्ले त्या दिवशी आम्ही, सणासारखे. आमच्या हातांची सफाई कुणी तरी मोठ्या माणसानं तपासली होती आणि पास केली होती.

चार महिन्यांनी बांधावर पाटी लागली. नैसर्गिक पुनरुज्जीवन क्षेत्र. पाच वर्षं प्रवेश बंद. जागेचे ताबेदार आणि संरक्षक म्हणून खाली नाव होतं सेन्योर प्लासेन्सियाचं.

शाळेत सभा झाली. हिमेनानं वाचून दाखवलं. एकोणीस हेक्टर, माणसाचा हात न लागता परत आलेलं. ताबेदारानं इतकी वर्षं राखण ठेवून क्षेत्राला उपद्रव होऊ दिला नाही, म्हणून निधी त्यांना. त्या हिशेबात क्लेबेर आणि कुत्रीही निसर्गाचे रक्षक ठरले होते. प्लासेन्सिया पांढऱ्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून, लग्नातल्या पाहुण्यासारखा बसला होता.

ओबदुलिया उठली.

"ते रान मी लावलंय."

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. हिमेनाचा चेहरा उतरला.

"दोन्या, तुम्हीच तर मला सांगितलंत—"

"खोटं सांगितलं."

"का?"

"त्याच्या कुत्र्यांना विचारा."

"पण ओळी नाहीत. लावलेलं रान मी पुष्कळ पाहिलंय, त्यात अंतर असतं, ओळ असते..."

"ओळीत लावलं असतं तर आज तुम्हाला बघायला तरी उरलं असतं का? माझा हात जिथे गेला तिथे झाड आहे, पोरी. दुसरा नकाशा माझ्याकडे नाही."

"एकोणीस हेक्टर आहे हे."

"मला हेक्टर कळत नाही. चार ओहोट्या लागतात सगळं फिरायला."

प्लासेन्सिया अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सेन्योरीता, ह्या बाईंचा मान राखून सांगतो. माझ्या ताब्यातल्या जागेत अकरा वर्षं विनापरवाना शिरल्याचं त्या स्वतःच कबूल करतायत. मी तक्रार करणार नाही. शेजारी आहोत आम्ही. फक्त नोंद करून ठेवा."

हिमेना पेन धरून थांबली. "दोन्या, एकट्या बाईला हे शक्य नाही. सोबत कोण होतं?"

शाळेच्या खोलीत आम्ही दहाजणी बसलो होतो. ओबदुलियानं आमच्याकडे पाहिलंच नाही. चिखलातला नियम ती शाळेतही पाळत होती.

"एकटीच होते," ती म्हणाली.

आणि बसली नाही. उभीच राहिली. ती कशाची वाट बघत होती ते खोलीतल्या दहा बायांना कळत होतं. दुसरीचं नाव घ्यायचं नाही असा नियम होता. स्वतःचं नाव सांगायला कुणाचीच मनाई नव्हती.

माझा भाऊ हाइरो प्लासेन्सियाच्या, दुसऱ्या तळ्यांवरची कोळंबी साफ करायच्या शेडमध्ये बर्फ फोडायच्या कामावर होता. चौथ्या बाकावरच्या बाईचा जावई त्याची लाँच चालवायचा. प्रत्येकीचं काही ना काही त्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात होतं. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मी बावीस वर्षांची होते. तो हात बाजूला करता आला असता. मी केला नाही.

दहांतली एकही उठली नाही. मग ओबदुलिया म्हणाली, "लिहा. मी शिरले होते."

सभा संपल्यावर हिमेना धक्क्यापर्यंत तिच्या मागे धावली. मी जवळच होते. हिमेनाचे डोळे लाल झालेले.

"दोन्या, एक जरी बाई उठली असती ना, मी फाईल अडवली असती. दोन साक्षी पुरतात. दोनच!"

"हे आत का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर साक्षीदार पढवले म्हणाले असते."

ओबदुलियानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही पण पगारी," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं ओळखल्यासारखं. आणि होडीत बसली.

जानेवारीत आम्ही सगळ्या शिंपल्यांचं परवानापत्र नवं करायला गेलो. दहाजणींचं झालं. ओबदुलियाचं नाही. खिडकीतल्या माणसानं कागद फिरवून दाखवला. त्या क्षेत्रात विनापरवाना शिरल्याची लेखी कबुली. त्या रानापुरतीच नव्हे, ह्या अख्ख्या किनाऱ्यावर तिला चिखलात हात घालायची मनाई.

"मी जन्मले तेव्हा तुझी खिडकी नव्हती," ती त्याला म्हणाली.

"आता आहे ना, आजी," तो म्हणाला. "पुढचा कोण?"

पुढची मी होते. मी माझं पत्र घेतलं.

आम्ही उपसागराच्या पल्याडच्या खाडीत जाऊ लागलो. तिथे शिंपले थोडे, बाया फार आणि होडीच्या मोटारीचं डिझेल निम्मी टोपली खायचं. त्या पावसाळ्यात हिमेनाच्या खात्यानं पुढच्या वर्षाची एक दिनदर्शिका छापली. मुखपृष्ठावर आमचं रान, वरून घेतलेलं, हिरवंगार, वेडंवाकडं. खाली लिहिलं होतं, निसर्गाला एकटं सोडा, तो स्वतःच सावरतो. शाळेनं ती फळ्याशेजारी लावली. मी तिथे मुलांना अक्षरं शिकवायला जाते आता. जुलैपर्यंत पानं उलटली आहेत.

ओबदुलिया एकसष्टाव्या वर्षी प्लासेन्सियाच्या शेडमध्ये कोळंबीची डोकी मोडायला बसली. परवान्याशिवाय मिळेल असं दुसरं काम बेटावर नाही. मधलं बोट बधिर, तरी हात भराभर चालतो. पुढच्या वर्षी पल्याडची खाडी परवडेना, तेव्हा आईही तिथेच लागली. दोघींमध्ये दोन जागा आणि एक बर्फाचं पिंप.

मी डबा द्यायला जाते तेव्हा बघते. बोटं गारठतात, कुणी गाणं म्हणत नाही. सभेबद्दल ओबदुलियानं आजवर एक शब्द काढलेला नाही. ना आईकडे, ना माझ्याकडे. मला अजून जवळ घेते, केस विस्कटते, "शाळेत मुलं त्रास देतात का गं?" विचारते. त्याचीच मला लाज वाटते.

परवा आई पिंपावरून वाकून म्हणाली, "कोमाद्रे, तुमच्याकडचा बर्फ वितळलाय. देऊ थोडा?"

ओबदुलियानं एक डोकं मोडलं, टोपलीत टाकलं, दुसरं उचललं.

"नको, सेन्योरा," ती म्हणाली. "आभारी आहे."