फुलांच्या गल्लीत अनवाणी

भिंगारच्या चर्चच्या सणात तुडवलेल्या झेंडूचा वास आला की मला इटलीतलं ते डोंगरावरचं जुनं गाव आठवतं. तिथं सणाला गल्लीभर पाकळ्यांची चित्रं काढतात आणि मूर्तीची मिरवणूक त्यांच्यावरूनच जाते. आम्ही टूरनं तिथं गेलो तेव्हा मिरवणुकीत सगळे बूट घालून निघाले, पण आईनं चपला काढून काखोटीला मारल्या. "काकू, फरशी तापलीय, चपला घाला. लोक बघतायत," आमचा टूरवाला कुजबुजला. "बघू द्या की. देवासाठी अंथरलेल्या फुलांवर मी चपला घालून जायची न्हाई," म्हणत आई चालायला लागली. मग मीही माझ्या काढल्या. परवा इथल्या चर्चच्या दारात चपला काढताना इटलीत राहून आलेले एक पाहुणे हसले, "इटलीत असं कुणी करत नाही." म्हटलं, "आम्ही केलंय."