वहिनींची ब्राउनी

ओव्हनमधून ब्राउनी काढली की वहिनी तिच्यात नारळाच्या झापाची हीर, बारीक काडी, खुपसायच्या आणि खिडकीशी नेऊन बघायच्या. मला म्हणायच्या, "ओली आली, भावजी. कोरडी झाली की ह्यांच्या घशाखाली उतरत नाही."

श्रीवर्धनला आमच्या कुंपणाला लागून त्यांची सुपारीची वाडी. त्यांचे यजमान, आम्हा सगळ्यांचे भाऊ, मोठ्या आजारातून नुकते उठले होते. तोंड आलेलं, वजन घसरत चाललेलं. भात नको, पेज नको. भाचीने आणलेली ब्राउनी मात्र त्यांनी मागून घेतली. वर पातळ पापुद्रा, आत लोण्यासारखी मऊ. चावावी लागत नाही. डॉक्टर म्हणाले, ताकदीचं जे काय असेल ते त्यातच घाला. वहिनींनी नाचणीचं पीठ घातलं, घरचं लोणी, अक्रोडाची पूड. आणि अंडी.

त्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. भाऊंना कळतं, तर त्यांनी ब्राउनी टाकली असती, आणि दुसरं काही पोटात जातच नव्हतं.

अंडी पोचवायचं काम माझ्याकडे. तुम्ही हसाल, पण पन्नाशीचा मी केळफुलाखाली चार अंडी लपवून कुंपणातून शिरायचो. एकदा भाऊंनी ओटीवरून हटकलं, "पिशवीत काय रे?"

"केळफूल."

"बघू."

मी काढून दाखवलं. हात असा थरथरला की ते म्हणाले, "साखर तपासून घे तुझी."

टरफलं वहिनी माडाच्या आळ्यात पुरायच्या. भाऊ खायला बसले की दाराआडून त्यांचा चेहरा बघत राहायच्या.

तीन किलो वजन वाढलं त्या दिवशी भाऊ म्हणाले, "आज आधी देवापुढे ठेव. त्यानेच उठवलंय मला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ताटली देवापुढे ठेवली. पाणी फिरवताना ओठ हलत होते. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं, "काय पाप असेल ते माझ्यावर येऊ दे. ह्यांच्यावर नको."

भाऊंनी प्रसाद कपाळाला लावून खाल्ला. मलाही दिला. माझ्या तोंडात तो कितीतरी वेळ तसाच राहिला.

पुढे भाऊ भात जेवू लागले, ब्राउनी थांबली. वहिनी मात्र पुन्हा देवघरात गेल्या नाहीत. फुलांची परडी उंबऱ्यावर ठेवायच्या. भाऊंना म्हणायच्या, "तुम्हीच वाहा. माझे गुडघे वाकत नाहीत." त्याच वहिनी दुपारभर मांडी घालून सुपारी सोलायच्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. भाऊ आल्यागेल्याला सांगतात, "गुडघ्यांनी फार छळलं तिला."

मी मान हलवतो.