वीणेचा पहारा आणि यांची झोप

यांच्या हातात एक काळं घड्याळ असतं. त्यात वेळ दिसत नाही. कोणी वेळ विचारली की हे मनगट पुढं करतात आणि म्हणतात, "पाह्य, दिसली तं सांग मले बी."

घड्याळ संशोधनाचं आहे. यांना बायपोलर आहे. मन कधी इतकं चढतं की भूक, झोप, थकवा काही लागत नाही, आणि मग इतकं उतरतं की माणूस खाटेवरून उठत नाही. औषध सुरू असलं की बराच काळ चांगले असतात. बुलढाण्याला ज्या दवाखान्यात इलाज चालतो, तिथं बाहेरून आलेले काही डॉक्टर या आजाराचा आणि स्किझोफ्रेनियाचा अभ्यास करतात. आजार उलटण्याआधी माणसाची झोप बदलते का, आणि दोन्ही आजारांत ती सारखीच बदलते का, हे त्यांना पाहायचं आहे. माणूस रात्री किती हलला, किती जागा राहिला, ते घड्याळ टिपून ठेवतं. अधूनमधून रक्तही घेतात.

पहिल्या दिवशी त्यांच्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्या पुस्तकासारखं मराठी बोलतात. म्हणाल्या, "यातून तुमच्या यजमानांना फायदा होईल असं मी म्हणणार नाही. झाला तर पुढं दुसऱ्या कोणाला होईल. नको वाटलं तर कधीही सोडा, इलाज बंद होणार नाही."

माझा दीर सोबत होता. तो म्हणाला, "फायदा नाही तं मंग कशाले?"

हे म्हणाले, "मी जे गोळी खातो, ते बी कोणीतरी रक्त देल्ल्याशिवाय निंघाली नसन बे." आणि सही केली.

तिथल्या बाकावर अमडापूरकडची एक बाई भेटते. तिचा मोठा मुलगा स्किझोफ्रेनियाच्या गटात आहे, त्याला आवाज ऐकू येतात. पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनंच विचारलं, "तुमचे मालक कोणत्या गटात वं?" मी हळूच सांगितलं. ती म्हणाली, "माहा आवाजवाला. हे लोकं दरवेळी याले इचारतात, आवाज काय म्हणते. म्या म्हणलं, माय काय म्हणते ते बी इचारा कधी."

मुलगा खाली पाहूनच म्हणाला, "आवाज तुह्याहून कमी बोलते."

ती सगळ्यांच्या आधी हसली.

घरच्या माणसानं झोपेबद्दल सांगायचं असतं, म्हणून मलाही आत बोलावतात. मला परक्या माणसाशी बोलायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली, नंतर घर आणि वावर. डॉक्टरबाई प्रश्न विचारून थांबतात, घाई करत नाहीत. एवढ्यानं मला बोलता यायला लागलं.

आमच्या गावात हिवाळ्यात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकवायची नाही. एकानं ती गळ्यात घेऊन नाम घेत उभं राहायचं, दुसरा आला की पाया पडून त्याच्या गळ्यात द्यायची. या पाळीला पहारा म्हणतात. दिवसाचा पहारा पोरं, बाया, कोणीही करतं. रातचा पहारा मानाचा, तो ठरलेल्या घरांकडे असतो. आमच्याकडे तो सासऱ्यांपासून आहे.

यांचा आजार मागं उलटला तो सप्ताहातच. गोळीनं यांचा हात थरथरतो, तार नीट छेडता येत नाही, म्हणून यांनी गोळ्या सोडल्या होत्या. आपला पहारा झाला की दुसऱ्याचाही घ्यायचे. झोपायचंच नाव नाही. आवाज असा लागला होता की लोक घरून उठून ऐकायला येत. दिवसा ज्याला त्याला अभंगाचा अर्थ सांगत बसायचे. गावाला वाटलं, कृपा झाली. बाया पाया पडू लागल्या. शेजारणीनं तान्हं लेकरू पायावर घातलं. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या, त्या आनंदानं रडल्या. देवळात माणूस नामात रंगला तर त्याला आजारी कोण म्हणणार? मलाही ते सुचलं नाही.

सप्ताह उठला आणि हे थांबले नाहीत. घरातली भांडी बाहेर काढून वाटून टाकली. गाण्यासाठी पाण्याच्या टाकीवर चढले. गावातल्या लोकांनी कसंबसं उतरवलं आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. पाया पडणाऱ्यांपैकी तेव्हा कोणी आलं नाही. काय बोलावं ते त्यांनाही कळलं नसेल.

या साली सप्ताहाच्या आधी दवाखान्यात गेलो, तेव्हा यांनी स्वतःच पहाऱ्याचं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अभ्यासासाठी तुम्ही एरवी राहता तसंच राहायचं आहे, मी त्यात काही सांगत नाही. पण हे इलाजाचं आहे, ते मोठ्या डॉक्टरांना विचारू." त्या आम्हाला घेऊन गेल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "वीणा घ्या, पण दिवसा घ्या. रात्री झोपा. गोळी चुकवू नका." यांनी मान हलवली.

एसटीत बसल्यावर हे म्हणाले, "दिवसा पोट्टे उभे राह्यतात. बाबाचा पहारा आहे तो. एका रातीनं काय होते?"

एसटीत माणसं होती. घरी आल्यावर दिराला म्हटलं, यांना तुम्ही सांगा. तो म्हणाला, "मी सांगन तं म्हणतीन, तुलेच पाह्यजे मान. तुमीच पाहा वयनी."

पाळ्या ठरवतात ते आमचे चुलत सासरे. सून म्हणून मी त्यांच्याशी कधी सरळ बोललेली नाही. आमच्यात मोठ्या सासऱ्यांशी सून बोलत नाही. फारच गरज पडली तर सासूला सांगायचं, सासरे शेजारी बसून ऐकतात. दुपारी मी गेले तेव्हा ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. चुलत सासूबाई दारात होत्या. मी पदर घेऊन त्यांच्याजवळ बसले.

म्हटलं, "आत्याबाई, मामाजीले सांगा, यायले या साली दिवसाचा पहारा द्या."

सासरे शेंगा सोलत सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, रातचा पहारा त्याच्या बापाचा आहे. मोडता येत नाही."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पहारा मोडता येत नाही म्हणते."

"ऐकलं मी आत्याबाई. मोडा नाई म्हणत. रातचा जागले की यायचा आजार उलटते. मांगं पाह्यलं साऱ्यायनं."

"मांगं कृपा झाली होती त्याच्यावर," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी हे माझ्यापर्यंत पोचवलं नाही. त्या नवऱ्यालाच म्हणाल्या, "कृपा होती तं टाकीवरून उतरवाले काऊन गेले होते तुमी? गुडघा फोडून आले."

सासऱ्यांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाले, "तिले इचार, रातचा उभं कोण राह्यीन? दीर तं मांडवाच्या खांबाले टेकून घोरते."

मी दिराचंच नाव सांगायचं ठरवून गेले होते. ते आता सांगण्यात अर्थ नव्हता. दुसरं कोणी घरात नाही. मी म्हणाले, "मी राह्यीन."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आता हे बी मी सांगू का तुमाले?"

सासऱ्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता म्हणाले, "बाया दिवसा राह्यतात. रातचं आजवर कोणी राह्यलं नाही." मग म्हणाले, "घरचा पहारा घरात राह्यला म्हणजे झालं. शाल घेऊन येजो. लय थंडी राह्यते."

शेवटचं ते मलाच म्हणाले.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. हे गोठ्याच्या दारात उभे होते. "मले न इचारता गेली तू?"

"इचारलं असतं तं हाव म्हणले असते का?"

जेवण झाल्यावर गोळी घेतली आणि हात दिव्याखाली धरला. बोटं नेहमीसारखी थरथरत होती. म्हणाले, "रातचं कोणी पाह्यत नाही. दिवसा या हातानं वाजवू? सारं गाव पाह्यीन."

मानाचं कारण खरं होतं, पण त्याच्या मागं हे होतं. मी ताटं उचलली.

हे दुपारी उभे राहिले. मी मागं बायांत बसले होते. तार नीट लागत नव्हती. समोरची पोरं यांच्या बोटांकडे पाहत होती, एकानं तसाच हात हलवून दुसऱ्याला दाखवला. यांनी ते पाहिलं. मग डोळे मिटले आणि पहारा संपेपर्यंत उघडले नाहीत. आवाज साधाच होता. कोणी पाया पडलं नाही.

माझ्या पहाऱ्याचं फार सांगण्यासारखं नाही. पाय दुखले. हे घरी खरंच झोपले असतील का, एवढंच मनात येत होतं, आणि नाम चुकत होतं. सकाळी घरी गेले तर हे अंथरुणात घोरत होते.

सप्ताह उठल्यावरही मी कितीतरी दिवस यांच्यावर नजर ठेवून होते. जरा मोठ्यानं बोलले की मी हातातलं काम टाकून दारात यायची. एकदा संध्याकाळी खूप वेळ बोलत राहिले. मी घाबरले. मग कळलं, शेजारच्या वावरवाल्यानं बांध कोरला होता. नीट भांडून आले, जेवले आणि झोपले.

पुढच्या वेळी दवाखान्यात मी आपणहून विचारलं की दिवसाचा पहारा घेतला म्हणून आजार उलटला नाही का. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असेल. पण एका माणसावरून तसं म्हणता येत नाही, म्हणून तर एवढ्या लोकांना घड्याळं दिली आहेत." हे बाजूला बसून ऐकत होते.

मग एक दिवस वावरात हे कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होते आणि मी त्यांचे भारे बांधत होते. वर न पाहता म्हणाले, "पुढच्या साली तुले रातचं जमत नसन तं काकाले आतापासून सांगून ठेवजो. दुसरं कोणी पाह्यतीन ते. मी काई रातचा उभा राह्यत नाही."

मी म्हटलं, "जमते मले."

"मंग राह्य," म्हणाले आणि पुढच्या ओळीला लागले.