थांबा मॅडम

लातुरातल्या त्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून आधी एकच शब्द निघायचा, "थांबा." लग्न तोंडावर आलेली नवरी असो की लेसर मागणारी मास्तरीण, थांबा. आमच्या मेसमधल्या बायकांनी त्यांचं नाव थांबा मॅडम पाडलं. त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे, आडनावापेक्षा सोपं."

मी हिमायतनगरची, आठवीत शाळा सुटलेली. इथं क्लासच्या पोरांच्या मेसवर दिवसभर पोळ्या भाजायची. गालांवर वांग आलं तेव्हा सगळ्याजणी लावायच्या ती गोरं करायची ट्यूब मीही लावली. आधी उजळलं, मग आग होऊन जास्तच काळं पडलं. त्यातच आईचा फोन आला. दिवाळीनंतर धाकटीला बघायला पाहुणे येणार होते. "तू ये, पण आतच बस. लोक म्हणतील, ह्यांच्या घरातच हाय कायतरी." मी थांबा मॅडमचा दवाखाना गाठला.

मॅडमना म्हटलं, "लेसर मारा. लवकर जातं म्हणतात."

"थांब. लेसर आतल्या रंगावर मारा करतो, पील वरची साल हळूहळू उतरवतं. पण वांग चिडकं असतं. आपल्या सावळ्या कातडीला लेसरची उष्णता सोसली नाही तर आहे त्याहून गडद होऊन येतं. आणि तुझी कातडी ट्यूबनं इतकी सोललीय की आत्ता पीलही नको. आधी ट्यूब फेक. सनस्क्रीन लाव."

"उन्हात मी जातच न्हाई, मॅडम."

"मग दिवसभर असतेस कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्या मेसवर आल्या. तव्यापाशी उभ्या राहिल्या, घाम पुसला आणि मालकीणबाईंना म्हणाल्या, "हिला लाटायला बसवा. ह्या धगीपुढं माझं पीलही हरेल अन् लेसरही."

"आता पोळ्या पण डॉक्टरच करणार," मालकीणबाई पुटपुटल्या. पण मला पोळपाट दिला.

कातडी शांत झाल्यावर अधूनमधून सौम्य पील झालं. गावी निघाले तेव्हा डाग फिकटले होते, गेले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "लपू नकोस. विचारलं तर सांग, वांग आहे, कुणाला लागत नाही."

चहा मीच बाहेर नेला. आई दारातच थिजली. मुलाच्या आईनं विचारलंच, मी सांगितलं. त्या कप उचलत म्हणाल्या, "माझ्या जावेला पण हाय. औषध कुणाचं चालू हाय तुझं?" धाकटीचं जमलं.

मॅडम आता लातुरात नाहीत. गुडघे गेले, मुलीकडे राहायला गेल्या. जाताना भेटायला गेले तर रडू आलं. म्हणाल्या, "थांब, चहा घेऊन जा."

तव्यापुढं आता धर्माबादची एकजण असते. परवा तिनं गाल दाखवत विचारलं, "अक्का, लेसर कुठं मारतेत गं?" मी लाटणं खाली ठेवलं. तेव्हापासून सकाळचा तवा तिचा, संध्याकाळचा माझा. माझे डाग परत यायला लागलेत. सनस्क्रीन आम्ही एकाच ट्यूबमधून लावतो.