लेकुरवाळी खेकडी

गणपतमामांशी मी खोटं बोललो होतो. काल मी शिकवतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुन्याची एक बरणी फुटली, फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत चढला आणि मला भोकरदनजवळची केळणा नदी आठवली.

एम.एस्सी.ला असताना मी तिथल्या खेकड्यांचं वर्गीकरण करत होतो. नदी आटू लागली की खेकडे डोह सोडून काठावरच्या बिळांकडे चढतात. ती वाट मला मासे धरणाऱ्या गणपतमामांनीच दाखवली. ओल्या चिखलात उकिडवं बसून त्यांनी एक खेकडी उचलली, तिच्या पोटाखालची रुंद झडप बोटानं उघडली. आत इवलाली पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती.

"लेकुरवाळी हाये, भाऊ. हिला आम्ही धरत न्हाई. सोडून द्या."

"सोडतो की, मामा."

"बराबर सोडा. शिकलेल्या माणसाच्या पिशव्या लई खोल असतात."

हसत खेकडी माझ्या हातात देऊन ते जाळं आवरायला वळले. मला नेमकी तशीच मादी हवी होती. मी ती पिशवीत टाकली आणि मामांनी विचारल्यावर "गेली पाण्यात" म्हणालो. त्या संध्याकाळी फॉर्मॅलिनच्या बरणीत एकेक पिल्लू तिच्या पोटाखालून सुटून तळाशी गेलं. उत्तम नमुना मिळाला म्हणून तेव्हा मी खूश होतो. काल मात्र जेवण गेलं नाही.

आज सकाळीच मामांचं घर गाठलं. नजर अधू झाली होती, तरी त्यांनी आवाजावरून ओळखलं, चहा सांगितला. चहा येण्याआधीच मी बोललो.

"मामा, ती खेकडी मी सोडली नव्हती. तुम्हाला हो म्हणून तिला पिल्लांसकट मारलं. मला माफ करा."