गिरणीत सोपान लागला

गिरणीत बसलं की पीठ अंगावर साठतं, तसे किस्सेही साठतात. सदरा कितीबी झटका, कानामागं थोडं राहतंच.

आमच्या गावचा सोपान जन्मापासून मुकाबहिरा. चाळिशी आली, पण कामाला कुणी ठेवलं न्हाई. झरीच्या एका दुकानदारानं तर दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. चक्की चालवून माझा खांदा दुखायला लागला, तवा मी मालकाला म्हणलं, हाताखाली सोपानला घ्या.

चक्की चालू होती. मालक वरडून म्हणाले, "आबा, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते त्याला ऐकू कसं येणार?"

"इथं कुणाला येतंय?"

"काय?"

"म्हणलं, इथं कुणाला येतंय?"

"काय म्हणलात?"

शेवटी त्यांनी चक्की बंद केली. म्हणाले, "बरं, दिवाळीपर्यंत बघू."

•

सोपान माणसांची नावं हातानं ठेवतो. सरपंच म्हणजे मिशीला पीळ. मास्तर म्हणजे कानाला मोबाईल. मालकानं एकदा इचारलं, "मला काय म्हणतो?" सोपाननं पोटावरून हात गोल फिरवला.

मी म्हणलं, "श्रीमंतीची खूण हाय, मालक."

तवापासून मालक लांबूनच पोटावर हात फिरवत येतात.

•

सेलूचा एक जावई दळण घेऊन आला. सोपानच्या कानाशी वरडायला लागला, "जाडसर! जाडसर दळ!"

सोपाननं त्याचं लाल झालेलं तोंड लय वेळ बघितलं. चक्कीच्या आवाजानं आमी बेजार झालो की कानात बोळे घालतो, हे त्यानं रोज बघितलेलं. त्यानं कापूस आणला अन् जावयाच्या दोन्ही कानांत घट्ट बसवला.

•

हळूहळू समद्या बायांना सोपानची बोली आली. एकदा दोन जावा चक्कीपाशी हातवारे करून भांडायलत्या. तेवढ्यात लाईट गेली. चक्की थांबली, भांडण चालूच.

मी म्हणलं, "बायांनो, आता तोंडानं भांडा की."

थोरली म्हणाली, "आबा, तोंडानं भांडलं की सासूला कळतं."

•

दिवाळी झाली अन् मालकाचा मेव्हणा बॅग घेऊन आला. मालक खाली बघत म्हणाले, "आबा, सोपानला सांगा, उद्यापासून येऊ नको. मेव्हण्याला बसवायचंय. घरात लय किटकिट चाललीय."

मी हातानं सांगितलं. सोपाननं अंगावरचं पीठ झटकलं अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसला. रांगेतल्या बायांनी समदं बघितलं.

दुसऱ्या दिवशी चक्कीपाशी मेव्हणा. पहिल्या बाईनं डबा ठेवला अन् चिमूट चोळून दाखवली.

"काय?"

तिनं परत चोळली. दुसरीनं मनगट फिरवलं. तिसरीनं नुसत्याच भुवया उडवल्या.

"मावशी, तोंडानं सांगा की."

मावशीनं कानाला हात लावला अन् न्हाई म्हणून मान हलवली.

त्यानं चक्की बंद केली. तरी कुणी ब्र काढला न्हाई. दुपारपर्यंत एकीच्या गव्हात दुसरीची ज्वारी गेली.

मेव्हण्यानं बॅग उचलली अन् मालकापुढं जाऊन उभा राहिला.

"दाजी, समदं गावच मुकं हाय, हे आधी सांगायचं की हो."