माझ्या नावाने बाबांना हाक

मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागे डोंगर आहे. सकाळी त्याच्यावर धुकं असतं तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाडं दिसत नाहीत, फक्त त्यांच्यातले पक्षी ऐकू येतात. चहाचं आधण ठेवलेलं असतं, घरातले झोपलेले असतात, आणि अशा वेळी कधी कधी वाटतं की कुणीतरी माझं नाव घेतलं. मी वळून बघत नाही. वळलं की ते जातं, हे आता मला माहीत झालं आहे. मी तशीच उभी राहते आणि नाव कोणत्या सुरात होतं ते आठवायला बघते. आमच्या घरी माझ्या नावाचे दोन सूर होते, आणि त्यातला एकच माझा होता.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. ती शेतकऱ्याची बायको होती, शाळेत फारशी गेलेली नव्हती. तळकोकणातली आमची वाडी उतारावर वसलेली. घरं एकमेकांपासून लांब, मध्ये काजूची आणि फणसाची झाडं, खाली भातशेती आणि शेतांच्या पलीकडे एसटीचा रस्ता. अशा जागी कुणाला बोलवायचं म्हणजे हाक मारायची. मोबाइल आले तरी ते घरात खुंटीला टांगलेले असत आणि माणसं शेतात.

आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. त्या वयाच्या बायका घेत नसत. बाबा खाली शेतात असले आणि भात शिजला की ती घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात उभी राहून थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारायची. थोरली मीच. मी हवी असले तर नाव आखूड, शेवटचं अक्षर दाराची कडी लावावी तसं खटकन मिटलेलं. बाबा हवे असले तर तेच शेवटचं अक्षर लांबत जायचं, शेतांवरून थोडं खाली उतरायचं, आणि संपता संपता पुन्हा वर यायचं. मग खालून बाबांची "ओ" यायची.

हे कळायच्या वयाआधी मी दोन्ही हाकांना धावत जायचे. धापा टाकत खळ्यात पोचले की आई म्हणायची, "तुका कोणी बोलवल्यान गो?"

"तूच मारलंस ना हाक!"

"ती तुझी नाय. जा, खेळ."

माझं नाव घेऊन मारलेली हाक माझी नाही, हे मला फार विचित्र वाटायचं. पुढे सवय झाली. झाडाखाली अभ्यास करत असले आणि ती लांब हाक माझ्या डोक्यावरून निघून गेली की मी पुस्तकातून मानही वर करत नसे. तरी बरं वाटायचं. आपल्या नावावरून कुणीतरी कुणाकडे चाललं आहे, असं काहीतरी.

आईचा आवाज वाडीतली बाकीची माणसंही मागून नेत. नव्या सुनांना नवऱ्याचं नाव घेता येत नसे आणि मोठ्याने ओरडायची चोरी. त्या आमच्या खळ्याच्या कडेला येऊन पदराशी चाळा करत उभ्या राहायच्या.

"काकी, ह्यांका हाक मार गो. पाहुणे इलेत."

"मारतंय. नाव काय तेचा?"

"तुका ठावक आसा."

"माझा वय झाला बाय, इसारलंय. नाव सांग, मगे मारतंय."

सून लाजून पळायच्या बेतात आली की आई हसत हसत हाक मारायची, आणि लांबच्या मळ्यातून तो नवरा "ओ" द्यायचा. कुणाची गाय चुकली, कुणाच्या घरात साप निघाला, लावणीला बायका जमवायच्या आहेत, कुणाला कळा सुरू झाल्या, सगळ्याला आईच होती. भाकरी तव्यावर तशीच सोडून ती बाहेर यायची. आमच्या घरातल्या किती भाकऱ्या वाडीपायी करपल्या हे बाबांनाच ठाऊक, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. करपलेला पापुद्रा काढून ते मुकाट जेवायचे.

मी शिकले तीही त्या आवाजावर, असं मी म्हणते आणि ऑफिसमधले लोक हसतात. पण ते खरं आहे. तालुक्याच्या कॉलेजला जायला सकाळची एकच एसटी होती. गाईचं दूध काढून, दोन हंडे पाणी भरून मी निघायचे तोवर गाडी वळणावर आलेली दिसायची. मी उतारावरून पळत सुटायचे आणि माझ्या मागून, माझ्या डोक्यावरून, आईची हाक जायची: "थांबवाऽऽ!" गाडी थांबायची. ड्रायव्हर एकदा भोंगा वाजवायचा, म्हणजे ऐकलं. कंडक्टर म्हणायचा, "ये बाय, दम खा. तुझ्या आवशीन इंजिन बंद केल्यान आमचा." वाडीतली आणखी दोन मुलं त्याच थांबलेल्या गाडीत चढायची. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. दीक्षान्त समारंभाचा फोटो आहे, त्यात आई नाही. त्या दिवशी शेजारणीकडे बारसं होतं आणि पाहुण्यांना हाका मारायला ती हवी होती. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

बाबा गेले ते माझ्या लग्नानंतर. त्या वर्षी मी काही दिवस गावी राहिले होते. एका संध्याकाळी भात शिजला, आईने चुलीतली लाकडं मागे ओढली, हात पुसले आणि ती खळ्यात जाऊन उभी राहिली. तोंड शेताकडे. तिचा ऊर वर आला, ओठ उघडले. मग ते तसेच मिटले. ती आत आली आणि ताटं मांडायला लागली. त्या दिवसापासून माझं नाव ती फक्त आखूड घ्यायची. बाकी सगळ्यांना हाका चालूच होत्या.

मुंबईला ती अधूनमधून यायची, पण रमायची नाही. पहिल्यांदा आली तेव्हा मी खाली भाजीवाल्याकडे होते आणि तिला वरून कोथिंबिरीची आठवण झाली. तिने चौथ्या मजल्यावरून माझ्या नावाने आखूड हाक मारली. माझं नाव साधं, आमच्या पिढीत घरोघरी असलेलं. समोरासमोरच्या दोन इमारतींत तीन खिडक्या उघडल्या. एक बाई तर ओल्या हाताने गॅलरीत येऊन "काय झालं? काय झालं?" करायला लागली. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले.

"वहिनी, मावशींना सांगा ना, आपल्याकडे इंटरकॉम आहे."

मी आईला सांगितलं. तिने भिंतीवरच्या त्या यंत्राकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या भाजयेवाल्यापाशी पण आसा?"

मग तिच्या गळ्याला गाठ आली. आधी दिसायची नाही, पुढे गिळताना त्रास व्हायला लागला. मी तिला मुंबईला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होती, घाटकोपरची, आईशी फार मायेने बोलायची. तिने सांगितलं की गाठ काढावी लागेल, आणि आवाजाची नस तिला अगदी चिकटून जाते.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "हाक मारूक येतली मां?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला.

"आजी, बोलाल तुम्ही नक्की. पण मोठ्याने ओरडणं कदाचित जमणार नाही."

"ओरडणा नाय ओ," आई म्हणाली. "ओरडाक माझी जाऊ आसा. मी हाक मारतंय."

डॉक्टर हसली, पण आईने त्या दिवशी ऑपरेशनला हो म्हटलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "ही ऱ्हवांदे गळ्यात. गिळूक नाय झाला तर पेज पियेन." मी रडले, रागावले, नवऱ्याने समजावलं. कशाने पालटली ते मला कळलं नाही. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता तिनेच विचारलं, "कधी जावचा दवाखान्यात?" आणि मग, "गच्चीची चावी कोणाकडे आसता?"

चावी सेक्रेटरींकडे असते. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की आईला एकदा हाक मारायची आहे. त्यांनी काही न विचारता चावी दिली.

दिवे लागायची वेळ होती. डोंगराचा रंग अजून गेला नव्हता, पायथ्याच्या वस्तीत चुलींचा आणि अगरबत्त्यांचा धूर एकाच उंचीवर थांबलेला होता. आई कठड्याशी उभी राहिली. मला वाटलं एकच हाक मारेल. तिने वाडीतल्या एकेकाला घेतलं. वरच्या घरचा म्हातारा, जाऊ, त्या एकेकाळच्या सुना, त्यांची पोरं, गाय. प्रत्येकाचा सूर वेगळा, प्रत्येकाच्या घराच्या अंतराएवढा. सूर ऐकून मला दिसत होतं की कोण कुठे आहे, कोण विहिरीवर, कोण काजूत. डोंगर प्रत्येक नावाचा थोडासा भाग परत देत होता. बाबांची हाक तिने मारली नाही. मी वाट बघत होते असं नाही, पण नाही मारली हे मला समजलं.

शेवटची हाक संपली आणि खालच्या वस्तीतून, कुठल्यातरी पत्र्याखालून, एका बाईचा आवाज आला: "ओऽऽ!"

कुणाला हाक आली ते न बघता दिलेली ओ. ती बाई कोण, कुठली, आम्हाला कधीच कळलं नाही. आईचा चेहरा उजळला. "बघ," ती म्हणाली, "हंयसर पण माणसां आसत."

ऑपरेशन झालं. दुपारी तिला बाहेर आणलं तेव्हा खिडकीतून पिवळं ऊन पलंगावर येत होतं आणि पडदा हलला की तेही हलत होतं. आईच्या गळ्याला पट्टी होती. ती अर्धवट झोपेत होती, शुद्धीच्या अलीकडे. मी हात धरून बसले होते. तिचे ओठ हलले. आवाज नव्हताच, नुसता श्वास, पण त्या श्वासात माझं नाव होतं. आणि शेवटचं अक्षर लांबत गेलं. पट्टीखाली गळा थोडा खाली आला, थांबला, आणि शेवटाला पुन्हा वर उचलला गेला.

ती हाक माझी नव्हती. इतक्या वर्षांनी ती माझ्या डोक्यावरून निघाली होती आणि तिला जायला शेत नव्हतं. समोर सलाइनचा खांब आणि पांढरी भिंत. मी उत्तर द्यावं का? बाबा म्हणून कसं देणार? पण हाकेला ओ न देणं ही आमच्याकडे सगळ्यात वाईट गोष्ट. मी तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हटलं, "ओ." ओ कुणाचीही असू शकते. तिच्या कपाळावरची आठी गेली आणि तिला गाढ झोप लागली. नंतर तिने तो विषय काढला नाही, मीही विचारलं नाही.

बोलणं हळूहळू परत आलं, घोगरं, करवतीने ओलं लाकूड कापल्यासारखं. डॉक्टरने दिलेले व्यायाम ती रोज खिडकीशी उभी राहून करायची, डोंगराकडे बघून "आऽऽ" करायची. तो आवाज खोलीच्या बाहेर जात नसे. एक दिवस तिने व्यायाम थांबवला आणि म्हणाली, "भात कापूक इला असतला. माका घराक पोचव."

मी तिच्याबरोबर गेले. भात कापून भारे खळ्यात येऊन पडले होते, झोडायला बायका हव्या होत्या. सकाळी आई खळ्याच्या कडेला गेली, तिच्या नेहमीच्या जागी. ऊर भरला. घोगरा, फाटका श्वास बाहेर आला आणि समोरच्या फणसापर्यंतसुद्धा पोचला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही.

मी म्हटलं, "थांब, मी मारते." मी जोर लावून वरच्या घरच्या काकीला हाक मारली. ती हाक नव्हती, किंकाळी होती. कुठूनतरी कुत्रा भुंकायला लागला. ओ कुणीच दिली नाही, कारण आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता. आई पोट धरून हसली, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग तिने पायांत चपला घातल्या, डोक्याला पदर गुंडाळला आणि निघाली.

"कुठे चाललीस?"

"बायकांका आणूक."

एका हाकेत व्हायचं काम होतं. त्याला अर्धा दिवस लागला. मी भाऱ्यांजवळ बसून राहिले. ऊन खळ्यावरून सरकत होतं, भाताचा वास वर येत होता, आणि झाडांमधून मध्येच कुठेतरी तिचा पदर दिसायचा, पुन्हा नाहीसा व्हायचा. एका दारातून दुसऱ्या दारात. वाटत होतं, हिला आता कोण ओळखेल, कोण येईल?

मग पाणंदीतून बोलणी ऐकू आली. आधी आई दिसली, तिच्या मागे जाऊ, तिच्या मागे त्या सगळ्या सुना, आता स्वतः सासवा झालेल्या, कमरेला पदर खोचून. सुनांतली पुढची ओरडत होती, "काकी, दुपार केलंस गो! आता झोडतलंव कधी?"

आई त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मगे घराघरात चाय कशाक पाजलास?" आणि तिने पहिला भारा सोडला.